वाढवायचं राहून गेलेलं दुकान

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला पाहून कुणाचा चेहरा खुलला, असं एकदाही झालं नाही. मी विजेची मीटरं वाचायचो. सुरुवातीला उदगीरला, मग बरीच वर्षं नांदेडला, शेवटी लातूरला, आणि तिथूनच निवृत्त झालो. पोस्टमन दिसला की लोक पुढे येतात. मी दिसलो की लोक उठून पंखा बंद करायचे, जसं काही तेवढ्यानं महिन्याचं बिल उतरणार होतं.

पण या नोकरीनं मला एक गोष्ट दिली. दुकानाचं मीटर कधी दर्शनी भागात नसतं. ते असतं सगळ्यात आतल्या भिंतीवर, पोत्यांच्या मागे, जिथं गिऱ्हाईक कधी जात नाही. मी जायचो. स्टुलावर चढायचं, आकडा टिपायचा आणि उतरायचं, एवढंच काम. पण तेवढ्यात मला दुकानाची पाठ दिसायची. उदबत्तीचा धूर भिंतीवर कुठवर चढलाय, गादीमागच्या भिंतीला मालकाच्या डोक्याचा तेलकट गोल कसा उमटलाय, दरवर्षी त्याच खिळ्याला कॅलेंडर लावल्यामुळे त्याच्याखाली मूळ रंगाचा चौकोन कसा शिल्लक राहिलाय. आता मीटरं लांबूनच वाचली जातात म्हणे. त्या भिंती आता कुणीच बघत नसेल, याचं मला वाईट वाटतं.

निवृत्त झाल्यावर मी तीच दुकानं बनवायला लागलो. एवढीएवढीशी, टेबलावर मावतील अशी. संपादकांनी खरं तर मीटर वाचण्याचे अनुभव मागितले होते. पण त्या अनुभवांचं पुढे जे झालं ते जास्त मजेचं आहे, म्हणून मी दुकानांवर लिहितो. त्यांनी गोड मानून घ्यावं.

यातला हिशेब सोपा आहे, फुटाला इंच. दहा फुटी दुकान दहा इंचांचं होतं. भिंती जाड पुठ्ठ्याच्या, त्यांवर पांढऱ्या सिमेंटचा हात. मांडण्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या. तराजूची पारडी शर्टाच्या बटणांची आणि साखळ्या नातीच्या तुटक्या पैंजणाच्या. पोती मांजरपाटाची, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेली. एवढं झालं की दुकान उभं राहतं, पण ते खेळणं दिसतं. कुणी बघून "छान आहे" म्हणतं आणि पुढे जातं. खरं काम इथून सुरू होतं, कारण आता त्याला जुनं करायचं असतं.

छताला काजळी हवी तर दिव्याच्या ज्योतीवर वाटी धरायची आणि ती काजळी कापसानं टिपायची. गंज हवा तर लोखंडी घासणी व्हिनेगरमध्ये भिजत टाकायची, दोन दिवसांत गंजाचं पाणी तयार. हात लागून गुळगुळीत झालेल्या जागी तपकिरी बूट पॉलिश. उंबऱ्यावर पाय घासतात तिथं पॉलिश पेपर. आणि प्रत्येक दुकानात मागच्या भिंतीवर एक मीटर, जुन्या तऱ्हेचं, काळं, गोल काचेचं, आत फिरणारी चकती असलेलं. ते कुणी मागत नाही आणि कुणी नकोही म्हणत नाही. माझी सही समजा.

आमच्या मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, यातलं काहीही पटत नाही. "घरातली धूळ मी झाडून राहिले," ती म्हणते, "अन् तुम्ही वरून नवी लावून राहिलात!" एकदा मुरुडच्या एका डॉक्टरांनी तिथल्या स्टँडजवळचं एक चहाचं हॉटेल बनवून मागितलं. कॉलेजात असताना ते तिथंच बसून अभ्यास करायचे. मी त्या हॉटेलची भट्टी अशी काळी केली होती की हात लावला तर भाजेल असं वाटावं. डॉक्टर न्यायला येणार त्या दिवशी मी पेढे आणायला बाहेर गेलो आणि परत येतो तर मंगल दातांच्या ब्रशनं भट्टी घासत बसलेली.

"पाव्हणे येऊन राहिले," ती म्हणाली, "अन् असली मळकी वस्तू समोर ठिवायची? लाज न्हाई वाटत?"

मी डोक्याला हात लावून खाली बसलो. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी हॉटेल उचललं, भट्टीकडे पाहिलं आणि हसत सुटले. "अहो, दिवाळीच्या आदल्या दिवशी भट्टी अगदी अशीच दिसायची! मालक आम्हा पोरांनाच घासायला लावायचा." ते ती वस्तू छातीशी धरून गेले. त्या दिवसापासून मंगल या धंद्यात आपलाही हात आहे असं समजते. त्यातून मी काही शिकायला हवं होतं, पण आम्हाला एका ठोकरीनं अक्कल येत नाही.

पुढचं सांगण्याआधी उदगीरची एक गोष्ट सांगायला हवी. नोकरीत नवा होतो. तिथल्या एका आडत दुकानाचं मीटर बघायचं राहून गेलं होतं, म्हणून संध्याकाळी गेलो आणि भाबडेपणानं विचारलं, "शेठ, दुकान बंद कधी करता?"

शेठ पोती मोजत होते, ते थांबले. हमालही थांबले. शेठ उठले, डब्यातला गुळाचा खडा काढला आणि माझ्या तोंडात कोंबला. "आंदी तोंड गोड करा, मीटरवाले. बंद म्हनू न्हाई. वैऱ्याचं बी दुकान बंद होऊ न्हाई. दुकान वाढवत असतेत."

हे खरं म्हणजे मला ठाऊक असायला हवं होतं. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. तसंच संध्याकाळी दुकान वाढवायचं, म्हणजे उद्या ते पुन्हा उघडणार यात शंका नको. पुढे नांदेडच्या जुन्या बाजारात पाहिलं तर तिथले उर्दू बोलणारे दुकानदारही दुकान 'बढवायचे'. भाषा दोन, पण बंद म्हणायची भीती एकच. तो गुळाचा खडा मी जन्मभर विसरलो नाही, असं मला वाटत होतं.

गेल्या वर्षी श्रावणात नसरीन नावाच्या शिक्षिका माझ्याकडे आल्या. आमच्याच भागात राहतात. त्यांच्या शाळेत मी एकदा माझी दुकानं मांडली होती, तेवढीच ओळख. त्यांनी मोबाईलवर एक पुसट फोटो दाखवला. दुकानापुढे उभा असलेला टोपीवाला माणूस आणि त्याच्या मागे टांगलेले दोर.

"काका, हे बनवाल? नांदेडचं हाय. आमच्या अब्बांचं."

मी फोटो मोठा करून पाहिला आणि खुर्चीतून उठलोच. गफारचाचा! बैलांच्या साजाचं दुकान. कासरे, वेसणी, म्होरक्या, शिंगांना बांधायचे गोंडे, गळ्यातल्या घुंगरमाळा. त्या दुकानाचं मीटर मी कित्येक वर्षं वाचलं होतं. टांगलेले दोर दोन्ही हातांनी बाजूला करत आत शिरावं लागायचं आणि मागून चाचांचा आवाज यायचा, "आले का सरकार! सांभाळून चढा. पडलात तर आमच्याच बिलात लावाल."

नसरीननं पुढचं सांगितलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. चाचांना भर दुपारी दुकानातच चक्कर आली. लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं आणि तिथून नसरीन त्यांना थेट लातूरला घेऊन आली. ते अंथरुणात असतानाच रस्ता रुंद झाला आणि त्यात दुकान गेलं. भरपाई मिळाली, माल विकला गेला, कुणाशी भांडण नाही. चाचांची तब्येतही सुधारली.

"पण अब्बा सकाळी उठतात, टोपी घालतात, चपला घालतात, अन् दारात बसून ऱ्हातात," ती म्हणाली. "जायचं कुठं? दोन घास खातात, बोलत न्हाईत. पोळा आला की जास्तच होतं, तो त्यांचा सीझन होता ना. काका, पोळ्याच्या आत झालं तर बघा. मला माझे अब्बा परत पायजेत." असं म्हणून ती हसायला गेली आणि तिला रडू आलं.

मी त्या कामात बुडून गेलो. भरतकामाचा दोरा तीनपदरी पिळून कासरे वळले. घुंगरांसाठी मणी मोठे पडायला लागले, तेव्हा मोहरीचे दाणे सोनेरी रंगवून ओवले. सुई हातात घेतली की मोहरी पळते, पण काय मजा येते म्हणून सांगू! गोंडे मंगलनं लोकरीचे केले, माझ्यापेक्षा सरस, आणि तसं गल्लीत सगळ्यांना सांगूनही आली. दुकान उभं राहिल्यावर मी जुनं करायला बसलो आणि हात आखडता घेतला नाही. पोपडे, काजळी, गंज, मांडणीवर धूळ, कोपऱ्यात डिंकाच्या तारांचं जाळं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम, असं म्हणून मी ते नसरीनच्या घरी नेलं.

चाचा दारातच बसले होते. चेहरा उतरलेला, टोपी मात्र कडक. मी दुकान त्यांच्यापुढे स्टुलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि वाकून पाहिलं.

"कुनाचं हाय?"

"अब्बा, आपलं," नसरीन म्हणाली.

"आपलं?" चाचा ताठ झाले. "आपल्या दुकानात जाळं? आपल्या मालावर धूळ?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "थांबा. तुम्ही मीटरवाले ना? वळखलं. मीटर बरोब्बर जागेवर लावलंय म्हनून वळखलं. बाकी समदं झूट हाय! रोज सकाळी झाडू कोन मारायचं? मी. दिवाळी आली की सगळा बाजार चुना मारायचा, मी बी मारायचो. दुकान जुनं होतं, साहेब. घाण नव्हतं!"

माझं तोंड एवढंसं झालं. पण नसरीन माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काका, अब्बा इतकं बोलले! रागावले बी!" तिचा चेहरा फुलून आला होता.

चाचांनी ओलं फडकं मागितलं. आम्ही दोघं मांडी घालून बसलो आणि मी आठवडाभर घालवून लावलेली धूळ त्यांनी पुसून काढली. मधेमधे ते सांगत होते, जुनं काय होतं ते. या खांबाला शेतकरी पाठ टेकून भाव करायचे, म्हणून खांब खांद्याच्या उंचीला चकचकीत. कासरा ओढून बघायची ती कडी झिजून पातळ झालेली. त्यांच्या बैठकीच्या जागी फरशी जराशी खोल. मी बूट पॉलिश आणि पॉलिश पेपर घेऊन ते सांगतील तसं करत गेलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की जन्मभर मी मीटरच्या कोपऱ्यातून दुकानं पाहिली आणि तो कोपरा म्हणजेच दुकान समजून बसलो. पुसलेलं दुकान माझ्या मळक्या दुकानापेक्षा कितीतरी जुनं दिसत होतं.

चाचा आता खुलले होते. त्यांनी दुकान हातात घेतलं, फिरवलं, पुढच्या उघड्या बाजूच्या कडेवरून बोट फिरवलं.

"अन् हे वाढवायचं कसं?"

"म्हणजे?"

"दुकान हो! सांजच्याला वाढवायचं कसं? फळ्या कुठं हायत?"

ही असली छोटी दुकानं बनवणारे सगळेच पुढची बाजू उघडी ठेवतात. नाहीतर बघणाऱ्याला आतलं दिसणार कसं? इतकी दुकानं बनवली, पण एकालाही मी दार केलं नव्हतं. बंद म्हणू नये म्हणून गूळ खाल्लेला माणूस मी, आणि माझं एकही दुकान वाढवता येत नव्हतं.

"लोकांना दिसावं म्हणून उघडं ठेवतात, चाचा," मी म्हणालो.

"रातभर?" त्यांनी विचारलं. मग दुकान हळूच खाली ठेवलं. "तिथलं बी तसंच ऱ्हायलं. मला उचललं तवा फळ्या भिताडाला उभ्या होत्या. शेजाऱ्यांनी मागून लावल्या म्हनं. पन माझ्या हातानं न्हाई वाढवलं, साहेब. भरल्या दुकानातून उठून आलो. माझ्या मनात ते दुकान उघडंच हाय अजून."

नसरीननं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी दुकान परत पिशवीत घातलं आणि म्हणालो, "चाचा, उद्या सकाळी घरी या. फळ्या तुमच्या देखरेखीखाली करू."

दुसऱ्या दिवशी आमचा चहा व्हायच्या आत चाचा दारात हजर. टोपी, चपला, सगळं तेच, फक्त आता जायला जागा होती. मग रोजच यायला लागले. खालच्या आणि वरच्या पट्टीला खाच करायची, त्या खाचेतून एकेक फळी सरकवत न्यायची, शेवटच्या फळीवर आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप. काड्या तासून मी नऊ फळ्या केल्या. त्या लोण्यासारख्या सरकल्या तशी माझी कॉलर ताठ झाली. चाचांनी तोंड वाकडं केलं.

"तिसरी अडायला पायजे."

"काय?"

"तिसरी फळी. पावसात फुगायची ती. खालनं लाथ हानल्याबिगर बसायची न्हाई. हिला तर शिस्तच लई."

मी सगळं आयुष्य गोष्टी नीट बसवायला धडपडलो आणि आता मला एक फळी बिघडवायची होती. ती चहाच्या पाण्यात भिजवली, नीट बसली. पुन्हा भिजवली, इतकी फुगली की खाचेत शिरेना. मंगल ओट्यावरून म्हणाली, "सुनेला जसं हळूहळू बिघडवतेत तसं करा की." चाचा असे हसले की त्यांना ठसका लागला. शेवटी एका सकाळी ती फळी खाचेत शिरली, अर्ध्यात अडली आणि हलेना. चाचांनी बोटानं खालून टिचकी मारली. टक्. फळी बसली.

"हां!" चाचा म्हणाले. "आता ही माझी."

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी आणि मंगल ते दुकान त्यांच्या घरी घेऊन गेलो. चाचांनी खिडकीजवळच्या टेबलावर ते मांडलं, बिस्मिल्ला म्हणून फळ्या काढून बाजूला टेकवल्या आणि दिवसभर त्याच्यापुढे बसले. शेजारीपाजारी येत होते, मोहरीची घुंगरं बघून तोंडात बोट घालत होते. चाचा एकेकाला सांगत होते, कोणती वेसण खिलार बैलाला आणि कोणती देवणी बैलाला. मला वाटलं होतं ते दुकान बघून रडतील. ते तर धंद्याला बसले होते.

दिवस मावळला, मगरिबची नमाज झाली. चाचा टेबलाजवळ आले आणि आम्ही सगळे भोवती जमलो. त्यांनी आतल्या मालावर एक नजर टाकली. पहिली फळी, दुसरी, मग तिसरीला टिचकी. एकेक करत नऊही फळ्या लागल्या. आडवी पट्टी टाकली, नखाएवढं कुलूप अडकवलं आणि ओढून पाहिलं. मग तळहात फळ्यांना लावला, ओठांना लावला आणि म्हणाले, "वाढवलं."

नंतर मागे वळले. "नसरीन, जेवायला वाढ. भूक लागली."

नसरीन ओढणी तोंडाला लावून आत पळाली. मंगल तिच्या मागोमाग गेली. मी पुरुष माणूस, चष्मा पुसण्याचं निमित्त करून खिडकीकडे तोंड केलं, पण माझे डोळे वाहत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. सगळ्या नोकरीत कुणाच्या घरात मी असा उजेड पाडला नव्हता, विजेच्या खात्यात असूनसुद्धा.

आता मी प्रत्येक दुकानाला फळ्या करतो. मुरुडच्या डॉक्टरांनाही विचारलं, त्यांच्या हॉटेलला लावून देऊ का म्हणून. ते म्हणाले, "आमचं हॉटेल स्टँडवरचं, ते कधी वाढवायचेच नाहीत!" तेही खरंच.

परवा संपादकांचा फोन आला, लेखाबरोबर त्या दुकानाचा एक फोटो पाठवा. इतक्या दिवसांत तो काढायचाच राहिला होता. नातीचा चांगला कॅमेरा घेऊन संध्याकाळी चाचांकडे गेलो. दिवे लागले होते. टेबलावर दुकान होतं, सगळ्या फळ्या लावलेल्या, पट्टी टाकलेली.

"चाचा, जरा उघडा की. एक फोटो काढतो."

"आत्ताच वाढवलं," चाचा म्हणाले. "उद्या या."

"अहो चाचा, मीच बनवलंय ते!"

"मग काय झालं?" चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मीटर बघायला यायचात तवा दुकान चालू असतानाच यायचात ना? सकाळी या, सरकार. चहा बी मिळंल."

संपादकांना घाई होती, म्हणून मी आहे तसा फोटो काढून पाठवला. त्यात तुम्हाला नऊ फळ्या आणि एक कुलूप दिसेल. तिसरी फळी जराशी तिरपी आहे, ती माझी चूक नाही. आतलं बघायचं असेल तर सकाळी जावं लागेल.